अ‍ॅबिराटेरोन : अन्न व इतर औषधांशी आंतरक्रिया

अ‍ॅबिराटेरोन हे प्रोस्टेट ग्रंथीच्या पसरलेल्या कर्करोगावर गोळीच्या रूपात दिले जाणारे संप्रेरक-उपचाराचे औषध. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमध्ये ते शोधले गेले आणि २०११ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. वृषणे, अधिवृक्क ग्रंथी आणि खुद्द कर्करोगाची गाठ अशा तिन्ही ठिकाणी पुरुषी संप्रेरके घडवणारे सीवायपी१७ हे विकर ते बंद पाडते. मात्र त्यामुळे कॉर्टिसॉलही घटते आणि शरीरात मीठ साठवून पोटॅशियम घालवणारी संप्रेरके वाढतात. म्हणून जोडीला प्रेडनिसोलोन द्यावे लागते.

या औषधाची सर्वांत मोठी आंतरक्रिया कोणत्याही औषधाशी नसून जेवणाशी आहे. तुपातेलाच्या भरपेट जेवणासोबत गोळी घेतल्यास रक्तातील तिचे एकूण प्रमाण दहा पटींपर्यंत वाढते. त्यामुळे नेहमीची १,००० मिलिग्रॅमची मात्रा जेवणानंतर किमान दोन तासांनी घ्यायची आणि पुढे तासभर काही खायचे नाही. याच गुणाचा फायदा घेऊन २५० मिलिग्रॅमची मात्रा हलक्या न्याहारीसोबत देण्याचा प्रयोग झाला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या छोट्या चाचणीत पीएसए, म्हणजे या कर्करोगाचा रक्तातील निर्देशांक, जवळपास तितकाच उतरला. खर्चाच्या दृष्टीने हे मोलाचे आहे. मात्र हा बदल डॉक्टरांनीच करायचा, रुग्णाने परस्पर नव्हे.

भारतात विशेष जपायचे ते रिफाम्पिसिनला, कारण क्षयाच्या उपचाराचा तो कणा आहे. यकृतातील सीवायपी३ए४ या विकराचा वेग वाढवून ते अ‍ॅबिराटेरोनचे रक्तातील प्रमाण निम्म्याहून खाली आणते. फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन ही फिटवरील औषधेही याच जातीची.

उलट दिशेने, अ‍ॅबिराटेरोन सीवायपी२डी६ला अडवते. त्यामुळे रक्तदाबावरचे मेटोप्रोलोल किंवा खोकल्याच्या औषधातील डेक्स्ट्रोमेथॉर्फन शरीरात जास्त साठू शकते. पायोग्लिटाझोन वा रेपाग्लिनाइड घेणाऱ्या मधुमेहींची साखर अचानक उतरल्याची नोंद आहे.

फसवे आहे ते स्पायरोनोलॅक्टोन. रक्तदाब चढला आणि पोटॅशियम उतरले की चटकन तेच आठवते. पण ते पुरुषी संप्रेरकाच्या ग्राहकाला चिकटून पीएसए वाढवू शकते. तिथे एप्लेरेनोन बरे. फ्युरोसेमाइडसारखी लघवी वाढवणारी औषधे पोटॅशियम आणखी घालवतात; सोबत डिगॉक्सिन असेल तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो.

रेडियम-२२३ हे किरणोत्सारी इंजेक्शन अ‍ॅबिराटेरोन आणि प्रेडनिसोलोनसोबत देऊन पाहिलेल्या चाचणीत हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले, म्हणून ही जोडी टाळली जाते.