शुद्ध संवर्धन आणि जिवाणूंचा सहवास

जिवाणू माणसाला प्रथम दिसले ते गर्दीत, आणि तरीही त्यांच्या शास्त्राची उभारणी झाली ती त्यांना गर्दीतून वेगळे काढून. या विसंगतीची मुळे समजून घेतल्याखेरीज जिवाणूंच्या परस्परसंबंधांचा अभ्यास इतका उशिरा का सुरू झाला, याचा उलगडा होत नाही. डेल्फ्ट येथील कापडाचे व्यापारी अंतोनी व्हान लेव्हेनहूक यांनी 17 सप्टेंबर 1683 रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात, आपल्या दातांच्या फटींतून काढलेल्या पांढऱ्या किटणात वळवळणाऱ्या सूक्ष्म जीवांचे वर्णन केले असून, त्यांत निरनिराळ्या आकारांचे आणि निरनिराळ्या चालींचे जीव एकत्रच होते. पुढची दोनशे वर्षे मात्र त्यांच्या परस्परसंबंधांचा विचार फारसा पुढे गेला नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रश्न बदलला. कोणता जिवाणू कोणता रोग निर्माण करतो हे ठरवायचे, तर तो जिवाणू अन्य जिवाणूंच्या भेसळीपासून मुक्त असणे आवश्यक होते, आणि रॉबर्ट कॉख यांनी 1881 मध्ये घट्ट माध्यमावर जिवाणू पसरून वाढवण्याची जी पद्धत मांडली तिने ही गरज भागवली. एका पेशीपासून वाढलेल्या, एकाच प्रकारच्या जिवाणूंच्या अशा वाढीला ‘शुद्ध संवर्धन’ म्हणतात. प्रारंभी वापरलेले जिलेटिन शरीराच्या तापमानाला वितळत असे. ही अडचण दूर झाली ती कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांच्या सूचनेमुळे. त्या स्वयंपाकात जेली घट्ट करण्यासाठी अगर वापरत असत, आणि मराठी घरांत चायना ग्रास म्हणून ओळखला जाणारा हाच समुद्रशैवालजन्य पदार्थ आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो. क्षयाचा जिवाणू 1882 मध्ये हाती आला तो शुद्ध संवर्धनाच्याच वाटेने. पद्धतीचे यश निर्विवाद होते; पण त्या यशामुळेच भेसळ म्हणजे दोष आणि सहवास म्हणजे अडथळा, अशी धारणा रुजली. वस्तुतः 1877 मध्येच पाश्चर आणि झूबेर यांनी, काळपुळीच्या जिवाणूंच्या संवर्धनात सामान्य जिवाणू शिरले की काळपुळीचे जिवाणू वाढत नाहीत, अशी नोंद केली होती. तिचे महत्त्व पुरेसे ओळखले जाण्यास प्रतिजैविकांचे युग उजाडावे लागले.

या प्रवाहाविरुद्ध उभे राहिलेले सर्वांत महत्त्वाचे नाव म्हणजे कीव्ह येथे 1856 मध्ये जन्मलेले सेर्गेई विनोग्राड्स्की. स्ट्रासबुर्ग येथे ते ज्यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते, त्या आंतोन द बारी यांनीच ‘सहजीवन’ ही संकल्पना जीवशास्त्रात रूढ केली होती. विनोग्राड्स्की यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला काचेचा स्तंभ करण्यास अगदी सोपा आहे: तळ्यातील चिखलात कागदाचे कपटे, थोडे जिप्सम आणि खडू मिसळून तो उंच काचपात्रात भरायचा, वर तळ्याचेच पाणी ओतायचे आणि पात्र उजेडात ठेवून द्यायचे. काही आठवड्यांत त्यात रंगांचे थर चढू लागतात. तळाशी लोहाच्या सल्फाइडचा काळा थर, त्यावर हिरव्या व जांभळ्या गंधकजिवाणूंचे पट्टे, आणि पृष्ठभागाजवळ ऑक्सिजन सोडणाऱ्या नीलहरित जिवाणूंची साय. कागद कुजवणाऱ्या जिवाणूंनी टाकलेल्या पदार्थांवर खालचे जिवाणू जगतात, ते सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड हा कुजक्या अंड्यांच्या वासाचा वायू तयार करतात, आणि तोच वायू वरच्या रंगीत जिवाणूंना प्रकाशाच्या साहाय्याने अन्न बनवताना कामी येतो. बाहेरून काहीही न घालता, केवळ उजेडावर, हा संसार वर्षानुवर्षे चालू शकतो. झुरिक येथे 1890 च्या सुमारास विनोग्राड्स्की यांनी मातीतील अमोनियाचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर उलगडले, तेही याच दृष्टीने पाहण्याजोगे आहे, कारण ते काम दोन गटांत वाटलेले असते: एकाने अमोनियापासून केलेले नायट्राइट हेच दुसऱ्याचे भक्ष्य. उतारवयात पॅरिसजवळील ब्री-कोंत-रोबेर येथे काम करताना, प्रयोगशाळेच्या सकस माध्यमावर पोसलेला जिवाणू मातीतल्या जिवाणूविषयी खरी साक्ष देऊ शकत नाही, हे त्यांनी आग्रहाने मांडले.

हा आग्रह किती रास्त होता, याचा पुरावा पुढे शुद्ध संवर्धनाच्याच घरात सापडला. अमेरिकेतील होरेस बार्कर यांनी 1940 च्या सुमारास इथेनॉलवर वाढून मिथेन वायू सोडणाऱ्या एका जिवाणूचे संवर्धन केले. विनोग्राड्स्की यांचे शिष्य ओमेलियान्स्की यांच्या स्मरणार्थ नाव मिळालेला हा ‘मिथॅनोबॅसिलस ओमेलियान्स्की’ पाव शतकाहून अधिक काळ एकच जीव म्हणून अभ्यासला गेला. इलिनॉय विद्यापीठातील मार्विन ब्रायंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये दाखवून दिले की तो एक नसून दोन आहेत. पहिला जीव इथेनॉलपासून अ‍ॅसिटेट आणि हायड्रोजन तयार करतो. पण हायड्रोजन साठत गेला की त्याची स्वतःचीच वाढ खुंटते. दुसऱ्याला इथेनॉल मुळीच पचत नाही. तो केवळ हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन मिथेन बनवतो, आणि असे करताना पहिल्याचा अडसर क्षणोक्षणी दूर करत राहतो. अन्नासाठीच्या अशा परस्परावलंबनाला ‘सहपोषण’ म्हणतात. गुरांच्या पहिल्या पोटात, भाताच्या चिखलणीत आणि महाराष्ट्रातील खेड्यांच्या परिचयाच्या गोबर गॅसच्या टाकीतही हायड्रोजनची अशीच देवघेव चालते. या शोधाचे मोल केवळ रसायनापुरते नाही: जो जीव एकटा म्हणून अभ्यासला गेला, त्याचा एकटेपणाच खोटा निघाला.

त्यानंतर गती वाढली. समुद्रातील प्रकाशमान जिवाणू विरळ असताना अंधारे राहतात आणि दाटी झाल्यावरच उजळतात, कारण त्यांनी स्वतः सोडलेल्या रेणूंची मात्रा दाटीबरोबर वाढते, हे नीलसन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी 1970 मध्ये मांडले. जिवाणूंच्या या गणसंख्या-जाणिवेचे ‘कोरम सेन्सिंग’ हे नाव मात्र 1994 मध्ये रूढ झाले. दातांवरील किटणाकडेही अभ्यासक याच काळात नव्या प्रश्नासह परतले. किटणातील विशिष्ट जिवाणू विशिष्ट जिवाणूंनाच चिकटतात, ही नोंद 1970 मधलीच. आणि 2016 मध्ये अमेरिकन संशोधकांनी प्रत्येक गटाला वेगळ्या रंगाची चकाकी देऊन किटणाचे न विस्कटलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा साळिंदरासारखी रचना दिसली. कोरिनेबॅक्टेरियमचे लांब तंतू मधून बाहेर पसरलेले, त्यांच्या टोकांना कणसावरील दाण्यांसारखे स्ट्रेप्टोकॉकस लगडलेले, आणि आतल्या भागात कार्बन डायऑक्साइडची आवड असलेले जिवाणू दाटीने वसलेले. लेव्हेनहूक यांनी ते किटण पाण्यात कालवून पाहिले होते. त्यामुळे जीव दिसले, पण त्यांची मांडणी त्या पाण्यातच विस्कटून गेली होती.