आवृत्तिसंघर्ष, आज्ञावली-लायब्ररींमधील
एखादी संगणकीय आज्ञावली तयार करताना तिच्यात वापरलेल्या दोन वा अधिक घटकांना एकाच लायब्ररीच्या परस्परांशी न जुळणाऱ्या आवृत्त्या लागत असल्यास उद्भवणाऱ्या स्थितीस आवृत्तिसंघर्ष म्हणतात. लायब्ररी म्हणजे वारंवार लागणाऱ्या उपआज्ञावल्यांचा तयार संग्रह होय. उदा., क या आज्ञावलीत ख आणि ग हे इतरांनी लिहिलेले घटक घेतले आहेत. ख ला घ या लायब्ररीची पहिली आवृत्ती लागते, तर ग ला दुसरी. दोन्ही आवृत्त्यांतील उपआज्ञावल्यांची नावे तीच असल्याने लिंकर सामान्यतः त्यांपैकी एकच स्वीकारतो व दुसऱ्या घटकाची गैरसोय होते. कंपायलरने एका आवृत्तीची घोषणा वाचली व प्रत्यक्षात दुसरी जोडली गेली, तर स्मृतीतील माहितीची जागा चुकते आणि आज्ञावली मध्येच बंद पडते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, चुकीचे उत्तर देत राहते.

उपआज्ञावल्यांच्या संग्रहाची पद्धतशीर मांडणी प्रथम केंब्रिज विद्यापीठात एडसॅक या संगणकासाठी झाली. त्यावर पहिली आज्ञावली ६ मे १९४९ रोजी चालली. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर व स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये या पद्धतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. उपआज्ञावल्या छिद्रित कागदी फितींवर असत व हवी ती फीत आपल्या आज्ञावलीच्या फितीवर उतरवून घेतली जाई. प्रत्येकाजवळ स्वतंत्र नक्कल असल्याने मूळ संग्रहात पुढे झालेल्या बदलाचा जुन्या आज्ञावलीवर परिणाम होत नसे.

साठच्या दशकात मल्टिक्स या प्रणालीने आज्ञावली चालू असतानाच लायब्ररी जोडण्याची रीत अवलंबिली. सन कंपनीच्या सनओएस ४.० (१९८८) मध्ये सामायिक लायब्ररी आल्या व ही रीत यूनिक्स परिवारात रुळली. एकच प्रत अनेक आज्ञावल्यांनी वापरल्यामुळे स्मृतीची बचत झाली आणि एका ठिकाणी केलेली दुरुस्ती सर्वांना लाभू लागली. तथापि आज्ञावलीचे वर्तन आता दुसऱ्याने बसविलेल्या फाइलवर अवलंबून राहिले. विंडोज प्रणालीत नव्वदच्या दशकात एका आज्ञावलीच्या स्थापनेने सामायिक डीएलएल फाइल बदलावी व दुसरी आज्ञावली बंद पडावी, असे वारंवार घडे. या अवस्थेला ‘डीएलएलचा नरक’ म्हटले जाई. विंडोज २००० मध्ये प्रणालीच्या फाइलींना संरक्षण मिळाले आणि विंडोज एक्सपीत (२००१) एकाच घटकाच्या अनेक आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवण्याची सोय झाली.

यूनिक्स परिवारात लायब्ररीच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक गुंफण्यात आला. जुन्याशी न जुळणारा बदल झाला, की हा क्रमांक वाढतो. लिनक्सवरील मूळ सी-लायब्ररी बदलून जीलिबसी २ स्वीकारताना (१९९७–९८) एवढे पुरेसे नाही, हे दिसून आले. जुन्या सी-लायब्ररीवर उभारलेली मधली लायब्ररी नव्या आज्ञावलीस जोडल्यास दोन्ही सी-लायब्ररी एकत्र येत व आज्ञावली कोसळे. यास्तव डेबियन २.० (जुलै १९९८) मध्ये मधल्या लायब्ररी पुन्हा उभारून त्यांच्या नावांना ‘जी’ हे अक्षर जोडले गेले. संपीडनासाठी वापरल्या जाणाऱ्या झेडलिबच्या डेबियनमधील ‘झेडलिब१जी’ या नावात त्याची खूण अद्याप टिकून आहे. पुढे जीलिबसीने प्रत्येक उपआज्ञावलीस स्वतंत्र आवृत्तिचिन्ह दिले. त्यामुळे जुनी आज्ञावली नव्या प्रणालीवर चालते, परंतु नव्या प्रणालीवर तयार केलेली आज्ञावली जुन्या प्रणालीवर चालेलच असे नाही. म्हणून वितरणासाठीची आज्ञावली आधार द्यावयाच्या सर्वांत जुन्या प्रणालीवर उभारण्याचा प्रघात आहे.

घटकांची संख्या वाढल्यावर योग्य आवृत्त्यांची निवड हाताने करणे अशक्य झाले. ही निवड गणिती दृष्ट्या एनपी-पूर्ण वर्गातील प्रश्न आहे, असे यूरोपातील ईडॉस प्रकल्पातील संशोधकांनी २००६ मध्ये दाखविले. सर्वसाधारण स्वरूपात त्याचे उत्तर नेहमीच झटपट देणारी रीत ज्ञात नाही. म्हणून निरनिराळ्या साधनांनी निरनिराळे नियम स्वीकारले. जावासाठीच्या मेव्हन २ ने (२००५) अवलंबनवृक्षात मुळाशी सर्वांत जवळची आवृत्ती निवडली. एनपीएमने (२०१०) प्रत्येक घटकास त्याची स्वतंत्र प्रत देऊ केली. गो भाषेत २०१८ पासून सर्वांच्या किमान मागण्या पूर्ण करणारी सर्वांत जुनी आवृत्ती घेतली जाते. नेदर्लंड्समधील उत्रेख्त विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी विकसित केलेल्या निक्समध्ये प्रत्येक घटकाचा मार्ग त्याच्या घडणीवरून काढलेल्या सांकेतिक संख्येने वेगळा होतो, त्यामुळे अनेक आवृत्त्या निर्वेधपणे एकत्र नांदतात.

स्वतंत्र प्रतींमुळे संघर्ष टळला, तरी जबाबदारी विखुरली. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीत गंभीर सुरक्षादोष उघड झाला, तेव्हा ही लायब्ररी आपल्या कोणकोणत्या आज्ञावल्यांच्या पोटात दडली आहे, हे शोधणेच अनेक संस्थांना कठीण गेले. सामायिक प्रत एका जागी दुरुस्त होते, परंतु एका बदलाने अनेकांना अडवू शकते. स्वतंत्र प्रत इतरांना अडवीत नाही, परंतु तिची दुरुस्ती प्रत्येक ठिकाणी करावी लागते. यांपैकी कोणताही मार्ग पत्करला, तरी वापरलेल्या प्रत्येक घटकाची नेमकी आवृत्ती नोंदवून ठेवणे अपरिहार्य ठरते.