जमिनीखालची घड्याळं

स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फों या गावातलं आंतरराष्ट्रीय घड्याळ संग्रहालय बरंचसं जमिनीखाली आहे. सूर्यघड्याळापासून अणुघड्याळापर्यंत सगळं तिथे बघायला मिळतं. संग्रह १९०२ पासूनचा, पण ही इमारत उघडली १९७४ साली. गावाचा पिढीजात धंदा बुडायला लागला होता, नेमका तेव्हा.

हे गाव झुरा पर्वतात, सुमारे १,००० मीटर उंचीवर आहे. हिवाळा लांबलचक, शेती बेताची. त्यामुळे अठराव्या शतकात इथली शेतकरी कुटुंबं बर्फाच्या महिन्यांत खिडकीशी बसून घड्याळाचे सुटे भाग बनवू लागली. एका घरात चाकांचे दाते कापले जात, दुसऱ्या घरात काटे घडवले जात, तिसऱ्या घरात तबकडीवर मिनाकाम चाले. व्यापारी हे भाग गोळा करून त्यांची जुळणी करून घेत.

१७९४ च्या आगीत बहुतेक गाव जळालं. नंतर ते सरळ, समांतर रस्त्यांवर उभं राहिलं आणि कारागिराच्या बाकावर भरपूर उजेड पडेल अशी घरं बांधली गेली. चंदीगडचा आराखडा करणारा ल कोर्बुझिए इथलाच. त्याचे वडील तबकड्यांवर मिनाकाम करत. तो स्वतःही आधी घड्याळांवरचं कोरीवकाम शिकला. कार्ल मार्क्सने १८६७ च्या ‘भांडवल’मध्ये या अख्ख्या गावालाच एक मोठा कारखाना म्हटलं आहे.

पण या कारखान्यात डोक्यावर मुकादम नव्हता. १८७२ मध्ये रशियन विचारवंत क्रोपोत्किन या डोंगरातल्या घड्याळजींना भेटायला आला. छोट्या कार्यशाळांत हात चालू ठेवून राजकारणावर वाद घालणारी ही माणसं पाहून तो भारावला. त्यांच्यात आठवडाभर राहून आपण अराज्यवादी झालो, असं त्याने आत्मचरित्रात नोंदवलं आहे.

पुढे यंत्रं आली, कारखाने आले, तरी घड्याळाचा गाभा तोच राहिला: स्प्रिंग, चाकं आणि मागेपुढे झुलणारं संतुलनचक्र. तो बदलला क्वार्ट्झने. वीज मिळाली की क्वार्ट्झचा स्फटिक ठरावीक गतीने थरथरतो. आजच्या साध्या मनगटी घड्याळात ही गती सेकंदाला ३२,७६८ कंपनं असते. तुमच्या हातातल्या फोनची वेळही अशाच स्फटिकावर चालते.

गंमत म्हणजे क्वार्ट्झ मनगटी घड्याळाचा पहिला नमुना १९६७ मध्ये शेजारच्याच न्यूशातेलमधल्या प्रयोगशाळेत तयार झाला होता. पण बाजारात पहिलं घड्याळ आणलं जपानच्या सेकोने, २५ डिसेंबर १९६९ रोजी. स्विस घड्याळ उद्योगात १९७० साली सुमारे ९० हजार लोक काम करत. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते सुमारे ३० हजारांवर आले. १९८३ मध्ये आलेल्या स्वस्त, प्लॅस्टिकच्या स्वॉचने उद्योग सावरायला मदत केली. तेही क्वार्ट्झचंच घड्याळ, अवघ्या ५१ भागांचं. सुट्या भागांवर ज्यांची पोटं चालत, त्यांच्यासाठी त्यात फारसं काही नव्हतं.

म्हणून या संग्रहालयात गेलात, तर सोन्याच्या घड्याळांवरून नजर काढून दुरुस्तीच्या कार्यशाळेपाशीही थांबा. तिथे आजही जुनी घड्याळं खोलून, साफ करून पुन्हा चालती केली जातात. घड्याळ काचेआड जपता येतं. ते जुळवणारं बोटांतलं कसब जपायला मात्र रोज कुणालातरी त्या बाकावर बसावं लागतं.