मशीद बंदरचे स्मारक आणि गोव्याचे तारवटी

१/ ३० डिसेंबर १९१५. मुंबईकडे निघालेले ‘पर्शिया’ हे ब्रिटिश प्रवासी जहाज जर्मन पाणबुडीने क्रीट बेटाजवळ बुडवले. ५१९ पैकी ३४३ जण मृत्युमुखी पडले.

२/ त्यांतील एलिनॉर थॉर्नटन आजही जगाला आठवतात. रोल्स-रॉइस मोटारीवरील मूर्तीशी त्यांचे नाव जोडले जाते. त्याच जहाजावरचे भारतीय खलाशी व गोमंतकीय कॅथलिक तारवटी मात्र विस्मृतीत गेले.

३/ किनाऱ्यावर असताना हे तारवटी धोबीतलावच्या कुडांत राहत. कूड म्हणजे एकेका गावाने मुंबईत चालवलेले वसतिगृह. जवळच १८६९ साली स्थापन झालेले सेंट झेवियर्स महाविद्यालय आहे. महाविद्यालयाला आपले माजी विद्यार्थी प्रवेशनोंदींतून शोधता येतात. तारवट्यांचा माग काढणे अवघड.

४/ मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधील स्मारक पहिल्या महायुद्धातील अशाच २,००० हून अधिक नाविकांचे आहे. समुद्रावाचून त्यांना दुसरी कबर नाही.

५/ फर्नांडिस, डिसोझा अशी आडनावे अनेकांची. म्हणून नावाला जहाजाची जोड द्यावी लागते. जहाज कळले की ते बुडाल्याचा दिवस कळतो. गाव मात्र कुडांच्या आणि चर्चच्या जुन्या वह्यांतच शोधावे लागते.