रोम कोणाच्या डोळ्यांनी पाहावे?

धर्मग्रामाच्या कचेरीत येणाऱ्या माणसांची कामे बहुधा ठरलेली असतात. बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाच्या सूचना, मृतांसाठी मिस्सा. अलीकडे त्यांत आणखी एका कामाची भर पडली आहे. सहल कंपन्यांची दोन-तीन रंगीत पत्रके हातात घेऊन एखादे कुटुंब येते आणि विचारते, "फादर, रोमला जायचं म्हणतोय. यातली कुठली सहल चांगली?" पत्रकांवर भाडे, हॉटेल आणि जेवण यांची तुलना पेन्सिलीने केलेली असते. भारतीय जेवण मिळणार, हे तर ठळक अक्षरांतच छापलेले असते. रोम दाखवणार कोण आणि कोणते रोम दाखवणार, याविषयी मात्र त्या गुळगुळीत कागदावर एक ओळही सापडत नाही.

हा प्रश्न एके काळी आम्हालाही सुचला नव्हता, हे आधी कबूल केले पाहिजे. २०१२ साली आम्ही आमच्या धर्मग्रामातील अडतीस भाविकांना घेऊन रोमला गेलो. तीन पत्रकांतील सर्वांत स्वस्त सहल निवडली ती आम्हीच. वाडी विकून आलेल्या पैशांतून, कुणी निवृत्तीच्या रकमेतून, आयुष्यात एकदाच म्हणून निघालेली ती माणसे. रोमसाठी दीड दिवस होता. गाईड सुशिक्षित व विनयशील होता. त्याच्याकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. त्याला जे दाखवण्यासाठी नेमले होते ते त्याने चोख दाखवले. बस पियाझ्झा वेनेझियाच्या चौकातून जात असताना तो राजे व्हिक्टर इमॅन्युएल यांच्या पांढऱ्याशुभ्र स्मारकाविषयी सांगत होता. तेवढ्यात मागच्या बाकावरील एका वयोवृद्ध बाईंनी आम्हाला विचारले, "फादर, संत फ्रान्सिस झेवियरचा हात इथंच कुठंतरी आहे ना?"

होता. त्या चौकापासून पायी चार-पाच मिनिटांवर येशूसंघीयांचे जेझू हे मंदिर आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांचा उजवा हात, कोपरापासून खालचा, १६१४ साली गोव्याहून रोमला आणला गेला आणि तो याच मंदिरात ठेवलेला आहे. ज्या हाताने त्यांनी आपल्या देशातील हजारोंना बाप्तिस्मा दिला तो हा हात. बाईंनी २००४ साली जुन्या गोव्यातील दर्शनसोहळ्यात संतांचा देह पाहिला होता. हात राहिला होता. आम्ही गाईडला विचारले. त्याने घड्याळ पाहिले. बस तेथे थांबवता येत नव्हती, रोममधील बरीच मंदिरे दुपारी बंद असतात तशी तीही वेळ मंदिर बंद असण्याची होती, आणि सायंकाळ चामड्याच्या वस्तूंच्या दुकानासाठी राखून ठेवलेली होती. बाई म्हणाल्या, "राहू द्या, फादर." त्या सबंध परतीच्या प्रवासात त्यांनी हा विषय पुन्हा काढला नाही. सेमिनरीत चर्चचा इतिहास शिकलेल्या आम्हाला ही गोष्ट निघण्यापूर्वी आठवायला हवी होती. पुढे आम्ही जुनी पुस्तके पुन्हा उघडली ती त्या दोन शब्दांमुळे.

पुस्तके सांगतात, की रोममधील वाटाड्याचा प्रश्न जवळजवळ ख्रिस्तसभेइतकाच जुना आहे. चौथ्या शतकात पोप दमासस यांनी रक्तसाक्ष्यांच्या भुयारी थडग्यांपाशी संगमरवरावर पद्यलेख कोरवून घेतले. येथे कोण निजले आहे, त्याने काय सोसले, हे यात्रेकरूला दगडच सांगू लागला. त्याच सुमारास रोममध्ये शिकणारा एक तरुण आपल्या सोबत्यांसह रविवारी त्या काळोख्या भुयारांत उतरत असे. पुढे तोच संत जेरोम म्हणून ओळखला गेला, आणि त्या अंधाराची आठवण त्याने म्हातारपणी लिहून ठेवली.

त्यानंतर आठशे वर्षांनी, बाराव्या शतकाच्या मध्याला, रोमच्या नवलाईचे वर्णन करणारे एक लॅटिन पुस्तक तयार झाले. 'मिराबिलिया' या नावाने ते ओळखले जाते. ते संत पेत्र मंदिरातील बेनेडिक्ट नावाच्या एका धर्माधिकाऱ्याने लिहिले असे बरेच अभ्यासक मानतात. त्यात इतिहास थोडा आणि कथा पुष्कळ. सम्राट ऑगस्टसला आकाशात बालकासह कुमारी मातेचे दर्शन झाले, ही त्यातलीच एक कथा. कॅपिटोल टेकडीवरील आराचेलीच्या मंदिरात ती आजही सांगितली जाते. आम्ही अशा कथांना हसत नाही, कारण त्यांचे एक ऋण आहे. लॅटरनपाशी उभ्या असलेल्या एका काशाच्या अश्वारूढ पुतळ्याला मध्ययुगात लोक ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाईन समजत. तो वस्तुतः मार्कस ऑरेलियसचा, म्हणजे ज्याच्या राज्यात ख्रिस्ती लोकांचा छळ झाला त्याचा. मूर्तिपूजक सम्राटांचे इतर पुतळे वितळवले गेले, हा मात्र चुकीच्या नावामुळे वाचला असे इतिहासकार मानतात. १५३८ साली तो कॅपिटोलवर आणला गेला. मूळ पुतळा आता तेथील संग्रहालयात आहे आणि चौकात त्याची प्रतिकृती. चुकीची माहिती सांगणाऱ्या गाईडने कलेवर उपकार केल्याचे हे बहुधा एकमेव उदाहरण असावे!

१३०० सालच्या पहिल्या ज्युबिलीपासून गर्दी हीच रोमची अडचण होऊन बसली. १४५० च्या ज्युबिलीत, १९ डिसेंबर रोजी, संत आंजेलोच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन दीडशेहून अधिक यात्रेकरू मरण पावले. पुढे पोप पाचवे निकोलस यांनी पुलाच्या तोंडाशी जागा मोकळी करून घेतली. वाट दाखवणे हे केवळ ज्ञानाचे काम नव्हे, जिवाचेही आहे, हे रोमने असे शिकून घेतले.

आम्हाला सर्वांत विचारात पाडले ते १५५४ या सालाने. त्या वर्षी विचेन्झाचे थोर वास्तुशिल्पी आंद्रेआ पाल्लादिओ यांनी रोमविषयी दोन लहान पुस्तिका छापल्या. एकीत प्राचीन रोमच्या वास्तू: कमानी, स्नानगृहे, नाट्यगृहे. दुसरीत ख्रिस्तमंदिरे: आधी सात मुख्य मंदिरे, मग इतर मंदिरांकडे जाण्याचे सोयीचे मार्ग, आणि त्यांबरोबर तेथील पवित्र अवशेष व पापदंडक्षमेचे दिवस. पहिल्या पुस्तिकेत त्यांनी जुन्या 'मिराबिलिया'तील भाकडकथांवर टीका केली आणि मोजमापे घेऊन लिहिले. ती पुस्तिका पुढे दोनेक शतके पुन्हा पुन्हा छापली जात राहिली. एकच लेखक, एकच वर्ष, एकच नगरी. पण पुस्तिका दोन. ज्याच्या हाती पहिली, त्याला एक रोम दिसणार आणि ज्याच्या हाती दुसरी, त्याला दुसरे. आजच्या सहल पत्रकांतील 'प्राचीन रोम' व 'ख्रिस्ती रोम' ही विभागणी आम्हाला व्यापाऱ्यांची युक्ती वाटत होती. ती पाल्लादिओंच्या काळापासून चालत आली आहे. फरक एवढाच, की पाल्लादिओंनी दोन्ही पुस्तिका लिहिल्या; आज एक लिहिणारा दुसरीकडे पाहत नाही.

याच दशकात रोममध्ये आणखी एक वाटाड्या पुढे आला. त्याने पुस्तक लिहिले नाही, माणसे चालवली. संत फिलीप नेरी हे जन्माने फ्लॉरेन्सचे, पण रोमचे होऊन राहिलेले. कार्निव्हलच्या धिंगाण्यापासून तरुणांना दूर ठेवावे म्हणून ते त्यांना सात मंदिरांच्या पदयात्रेला नेऊ लागले. वीसेक किलोमीटरांची ती चाल. वाटेत भजने, वाद्ये, प्रवचन आणि चेलियो टेकडीवरील मात्तेई कुटुंबाच्या बागेत सर्वांना पाव, चीज, अंडी व थोडी द्राक्षमदिरा. प्रारंभी मूठभर माणसे होती, पुढे शेकडो झाली. या यात्रेत कोणते चित्र कोणी काढले हे कुणी सांगत नसे. तरी त्या वाटेवर चालणाऱ्यांना संत पेत्रांच्या थडग्यापासून संत मरिया माज्जोरेपर्यंतचे अंतर पायांनी ठाऊक झाले. बसमधून रोम पाहिलेल्या आमच्या अडतिसांपैकी एकालाही ते सांगता आले नसते, आम्हालाही नाही. पुढे पोप पाचवे सिक्स्टस (१५८५ ते १५९०) यांनी मुख्य मंदिरांना जोडणारे सरळ रस्ते आखले आणि मोक्याच्या चौकांत इजिप्तहून आलेले प्राचीन दगडी स्तंभ उभे केले. यात्रेकरूला दुरून स्तंभाचे टोक दिसले, की त्या दिशेने चालू लागावे. न बोलणारा आणि बक्षिशी न मागणारा असा गाईड पुन्हा झाला नाही!

अठराव्या शतकात बक्षिशी मागणारे आले. युरोपातील उमरावांची मुले शिक्षणाचा शेवट म्हणून रोमला येत, आणि त्यांना हिंडवणाऱ्या बोलघेवड्या वाटाड्यांना वक्ता सिसेरोच्या नावावरून 'चिचेरोने' म्हणू लागले. आपल्याकडील तीर्थक्षेत्रांतले क्षेत्रोपाध्ये डोळ्यांसमोर आणावेत. त्यांत विद्वानही होते. जर्मन पंडित विंकेलमान १७६३ साली पोपमहोदयांच्या राज्यातील प्राचीन वस्तूंचे अधिकारी झाले. थोर पाहुण्यांना रोम दाखवणे त्यांच्या वाट्याला येई, आणि गाडीत जांभया देणाऱ्या श्रीमंत तरुणांविषयीची त्यांची चीड पत्रांतून उमटली आहे. यावरून एक गोष्ट ध्यानात येते: उत्तम मार्गदर्शक मिळूनही पाहणाऱ्याची तयारी नसेल, तर विंकेलमानही हात टेकतात.

सर्वसामान्यांसाठी रोमचे दार उघडले ते थॉमस कुक यांनी. हे गृहस्थ बॅप्टिस्ट पंथाचे. १८४१ साली त्यांनी लेस्टरहून लाफबरोला सुमारे पाचशे माणसे रेल्वेने नेली, तीही दारूबंदीच्या सभेला; १८६४ साली त्यांच्या सहली इटलीत पोहोचल्या. ठरलेले भाडे, ठरलेला मुक्काम, ठरलेला गाईड. गिरणीतल्या कारकुनाला आणि शाळेतल्या शिक्षिकेला रोम दिसू शकले ते यामुळे, आणि आम्हालाही. त्या ठरलेपणाला नावे ठेवून बसमध्ये बसणे आम्हाला शोभणार नाही.

मग निवडावे कसे? जेथे गाईडशिवाय प्रवेशच नाही, तेथून विचार सुरू करावा. कॅटकोम त्यांतले एक. १५९३ साली आंतोनिओ बोझिओ हा तरुण अभ्यासक दोमितिल्लाच्या भुयारात वाट चुकला होता, हातातल्या मेणबत्त्या संपत आल्या होत्या. तेथे वाटाड्या का लागतो हे त्याला विचारावे. संत कॅलिस्टस यांचे कॅटकोम १९३० पासून सालेशियन धर्मबंधूंच्या देखरेखीखाली आहे. एका द्राक्षमळ्यात सापडलेल्या संगमरवराच्या तुकड्यावरून जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी यांनी तेथील पोप कॉर्नेलियस यांची कबर शोधून काढली आणि १८५४ साली पोपांचे दफनगृह उघडकीस आणले, ही कथा तेथेच उभे राहून ऐकावी. संत पेत्र मंदिराखालील उत्खनन पाहण्यासाठी तर उत्खनन कार्यालयाकडे बरेच आधी अर्ज करावा लागतो, आणि लहान गट करूनच खाली नेतात. सहल कंपनी हे बहुधा करून देत नाही; आपणच करायचे.

सिस्टीन चॅपेलमध्ये शांतता राखावी लागते. चांगला गाईड म्हणूनच बाहेरच्या अंगणातील फलकांपाशी आधी सारे समजावतो आणि आत गप्प राहतो. जो अंगणातून घाईने नेतो, त्याच्या हाती मिकेलांजेलो सोपवू नये. संत पेत्र मंदिरात जायला तिकीट नाही आणि बुधवारच्या पोपदर्शनाची तिकिटेही विनामूल्य असतात, हे मात्र पत्रकावरील आकड्यांपुढे बसून प्रत्येकाने लक्षात ठेवावे. संत लुईजी या फ्रेंच मंदिरात काराव्हाज्जोचे 'मत्तयाला पाचारण' हे १६०० च्या सुमाराचे चित्र आहे; नाणे टाकले की दिवा लागतो, थोड्या वेळाने विझतो. सुटी नाणी खिशात असावीत.

आणि कोणत्याच पत्रकात नसलेले आमचे रोम? पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी जपानच्या रक्तसाक्ष्यांना संतपद बहाल केले, त्यांत आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया होते. क्विरिनाल टेकडीवर बेर्निनीने बांधलेले संत आंद्रेआचे देखणे मंदिर पाहायला सगळे जातात. तेथे पूर्वी येशूसंघाचे नवशिष्यालय होते, आणि १५७५ साली त्यात दाखल झालेला एक इंग्रज तरुण चार वर्षांनी गोव्याला पोहोचला. १६१६ साली छापलेले मराठी 'ख्रिस्तपुराण' त्याचेच: फादर थॉमस स्टीफन्स. बेर्निनीविषयी तासभर बोलणाऱ्या इटालियन गाईडने हे सांगावे अशी अपेक्षा कशी धरावी? ते आपल्यापैकीच कुणीतरी सांगायला हवे.

येत्या हिवाळ्यात पुन्हा एक गट निघतो आहे, चोवीस जणांचा. या खेपेस रोमसाठी चार दिवस आहेत. भाडे अर्थात वाढले आणि त्यामुळे सहा नावे गळाली, याची खंत आम्हाला आहे. पहिल्या सकाळी बस नाही. पायीच जेझूला जायचे ठरले आहे. त्या बाई २०१९ साली प्रभूकडे गेल्या. यादीत त्यांच्या सुनेचे नाव आहे. तिने एवढेच विचारले, की संतांच्या हातासमोर सासूबाईंसाठी मिस्सा अर्पण करता येईल काय. मंदिराच्या प्रमुखांना आम्ही पत्र धाडले आहे.