वार्धक्यातील स्मृती : व्यक्तिमत्त्वगुण व आरोग्य यांचा संबंध

वाढत्या वयात स्मरणशक्तीत होणारे बदल केवळ वयामुळे घडत नसून माणसाचा जन्मभराचा स्वभाव व त्याची शरीरप्रकृती यांच्याशीही ते निगडित असतात. शिवाय सर्व प्रकारची स्मृती सारखी उतरत नाही. भाषा व जगाविषयीचे ज्ञान साठवणारी अर्थस्मृती आणि पोळी लाटण्यासारख्या अंगवळणी पडलेल्या कामांची कृतिस्मृती दीर्घकाळ टिकते. आधी उणी पडते ती काल कोण आले, काय बोलले हे धरून ठेवणारी प्रसंगस्मृती. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७–१९ मध्ये भारतभर ४५ वर्षे व त्यापुढील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२,०००हून अधिक जणांची पाहणी केली. तीत दहा शब्द वाचून दाखवून लगेच म्हणून घेतले गेले व मध्ये इतर प्रश्न विचारून झाल्यावर, शब्द पुन्हा न वाचता, तेच आठवायला सांगितले गेले. ही विलंबित आठवण प्रसंगस्मृतीचे नाजूक माप मानली जाते. ज्याला नीट ऐकूच आले नाही, त्याचेही शब्द या चाचणीत गळतात, हे मात्र विसरता येत नाही.

स्वभावाचे मापन बहुधा पाच गुणांच्या आराखड्याने होते. पॉल कॉस्टा व रॉबर्ट मॅक्रे यांच्या प्रश्नावलींमुळे रूढ झालेल्या या आराखड्यात बहिर्मुखता, सौजन्य, नवानुभवांविषयीचा मोकळेपणा, कर्तव्यतत्परता व भावनिक अस्थिरता यांचा समावेश होतो. स्मृतीशी सर्वांत स्पष्ट संबंध शेवटच्या दोहोंचा आढळतो. कर्तव्यतत्परता म्हणजे नेटकेपणा, शिस्त व हाती घेतलेले तडीस नेण्याची वृत्ती. भावनिक अस्थिरता म्हणजे चिंता, खिन्नता व मनस्ताप यांकडे असलेला कायमचा कल. रॉबर्ट विल्सन व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ९९७ वृद्ध कॅथलिक जोगिणी, धर्मगुरू व धर्मबंधू यांचा जास्तीत जास्त बारा वर्षे मागोवा घेतला, तेव्हा त्यांपैकी १७६ जणांना अल्झायमर रोग झाला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कर्तव्यतत्परतेत वरच्या टोकाकडे असणाऱ्यांचा धोका खालच्या टोकाकडील व्यक्तींपेक्षा ८९ टक्क्यांनी कमी होता. याहून लक्षणीय गोष्ट शवविच्छेदनात दिसली : हा गुण अधिक असलेल्यांच्या मेंदूत रोगाच्या खुणा कमी नव्हत्या, परंतु त्या खुणा असूनही त्यांची बुद्धी मृत्यूपूर्वी तुलनेने शाबूत राहिल्याचे आढळले. म्हणजे स्वभाव मेंदूची झीज थांबवतो असे नव्हे, तर ती सोसण्याचे बळ काही अंशी त्याच्याशी जोडलेले असावे.

आरोग्य हा या संबंधातील मधला दुवा होय. शिस्तीचा माणूस रक्तदाबाची गोळी चुकवत नाही, फिरायला जातो, तंबाखूपासून दूर राहतो. त्यामुळे मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना उच्च रक्तदाब व मधुमेह यांची झळ कमी बसते. उलट सततच्या काळजीने झोप मोडते व कॉर्टिसोल हे संप्रेरक दीर्घकाळ वाढलेले राहू शकते. नव्या आठवणी बांधणाऱ्या हिप्पोकॅम्पस या मेंदूभागावर त्याचा अनिष्ट परिणाम होतो, असे मानले जाते. तरीही विसराळूपणाचा सारा भार स्वभावावर टाकणे अन्यायाचे आहे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मंदावलेली थायरॉइड ग्रंथी, नैराश्य व झोपेची काही औषधे यांमुळेही स्मृती ढासळते आणि वेळीच उपचार झाल्यास ती पुष्कळदा सुधारते. परंतु ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीवर भिस्त ठेवणाऱ्या घरांत ही कारणे तपासलीच जात नाहीत, ही खेदाची बाब आहे.

कार्यकारणाची दिशा उलटही असू शकते. दुधाचा हिशेब वर्षानुवर्षे दिनदर्शिकेवर टिपणारी व्यक्ती ते टिपणे सोडून देते, मनमिळाऊ माणूस संशयी होतो, तेव्हा बदललेला स्वभाव हे रोगाचे कारण नसून त्याची पहिली खूण असू शकते. अग्रललाट-शंखक स्मृतिभ्रंश या प्रकारात तर वर्तनातील बदल बहुधा विस्मरणाच्या आधी दिसतात. या कारणास्तव निदान करताना चाचणीतील गुणांबरोबरच, रुग्ण पूर्वी कसा होता, हे दीर्घकाळ सोबत राहिलेल्या जोडीदाराला वा सुनेला वेगळे विचारून घेतले जाते.