आधी तुम्ही, मग आम्ही

1751 साली फिलाडेल्फियात गोरगरिबांसाठी रुग्णालय काढायचं घाटत होतं. कल्पना डॉ. थॉमस बाँड यांची. पण वर्गणी जमेना, तेव्हा ते बेंजामिन फ्रँकलिनकडे गेले. प्रांताच्या प्रतिनिधीसभेत खेड्यापाड्यांतले सभासद अडून बसले होते: फायदा शहराचा, मग पैसा आम्ही का द्यायचा? फ्रँकलिनने ठरावात एक अट घातली. लोकांनी आपणहून दोन हजार पौंड जमवले, तरच सभेने दोन हजार द्यायचे. एवढी रक्कम कसली जमतेय, असं सभासदांना वाटलं. दमडी खर्च न करता दातृत्वाचं नाव होतंय, तर कोण सोडतो! ठराव मंजूर झाला. फ्रँकलिनने तीच अट वर्गणीदारांपुढे ठेवली: तुमच्या एका पौंडाचे दोन होणार. वर्गणी दोन हजारांच्या वर गेली आणि सभेला खिशात हात घालावा लागला. राजकारणातल्या आपल्या डावांपैकी याच्याइतका आनंद क्वचितच कशाने दिला, आणि त्यातल्या लबाडीबद्दल स्वतःला माफ करणं सोपं गेलं, अशी कबुली त्याने आत्मचरित्रात दिली आहे.

माझी नोकरी एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत देणगीच्या पावत्या फाडण्यात गेली, त्यामुळे हा गृहस्थ मला आपल्या खात्यातला वाटतो. गिल्बर्ट टेनंट नावाचा धर्मोपदेशक प्रार्थनामंदिरासाठी वर्गणी कशी मागावी हे विचारायला आला, तेव्हा फ्रँकलिनने सांगितलं: जे नक्की देतील त्यांच्याकडे आधी जा, मग ज्यांची खात्री नाही त्यांच्याकडे जा आणि त्यांना आधीच्यांची यादी दाखवा, जे देणारच नाहीत असं वाटतं, त्यांनाही वगळू नका, आपला अंदाज चुकू शकतो. ही यादी म्हणजे आमचं पावतीपुस्तक. जूनमध्ये प्रवेशाच्या गर्दीत पालक खिडकीशी उभे राहत. मी कार्बन सरळ करेपर्यंत त्यांची नजर आधीच्या स्थळप्रतीवर जायची. तिथे एकशे एक दिसले की एकशे एक, पाचशे एक दिसले की जरा घुटमळून पाचशे एक. मोठ्या आकड्याचं पान वर राहील याची काळजी मी घेत असे, हे आता सांगायला हरकत नाही.

पुढे अमेरिकेतल्या विद्यापीठांनी फ्रँकलिनची ती अटीची युक्ती आपलीशी केली. 1889 मध्ये जॉन रॉकफेलरने शिकागोत नवं महाविद्यालय काढण्यासाठी सहा लाख डॉलर देऊ केले, पण वर्षभरात बाकीचे चार लाख इतरांकडून जमले तरच. ती वर्गणी गोळा करायला फ्रेडरिक गेट्स आणि थॉमस गुडस्पीड यांनी उंबरठे झिजवले. संस्था बॅप्टिस्ट पंथाच्या ख्रिस्ती लोकांची, तरी शहरातल्या ज्यू मंडळींनी पैसे दिले. मार्शल फील्ड या व्यापाऱ्याने दहा एकर जागा दिली. अट नसती तर रॉकफेलरचं कॉलेज म्हणून शहर लांबूनच बघत बसलं असतं, असं माझं मत. 1892 मध्ये शिकागो विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले. 1954 मध्ये जनरल इलेक्ट्रिकने कर्मचाऱ्यांच्या कॉलेजांना दिलेल्या देणग्यांत तेवढीच भर घालायला सुरुवात केली, आणि मग इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या.

आपल्याकडे 1854 च्या वुडच्या खलित्याने शाळांना अनुदान देऊ केलं, तेही स्थानिक मंडळींनी व्यवस्थेचा भार उचलला तरच. पालकांच्या देणगीची वाट मात्र इथे वाकडी झाली. प्रवेशासाठी पैसे उकळण्याचा धंदा इतका बोकाळला की महाराष्ट्राला 1987 चा कॅपिटेशन फीबंदीचा कायदा करावा लागला. फीपलीकडे कुणी पैसे मागितले की मराठी बापाच्या कपाळाला आठी पडते, ती उगीच नव्हे.

माझ्याही पडली. लेक अमेरिकेत शिकायला गेल्यावर तिच्या विद्यापीठाची पत्रं मला येऊ लागली: आज मध्यरात्रीपर्यंत अमुक इतक्या पालकांनी काहीही दिलं, तर एक दाते मोठी रक्कम देतील. शैक्षणिक कर्जाचा हप्ता फेडणाऱ्याला हे वाचून आधी हसूच येतं. पण इथे रक्कम नव्हे, माणसं मोजतात. दहा डॉलर देणाराही एक आणि दहा हजार देणाराही एकच. शिवाय ही युक्ती चालते, हे तपासलेलं आहे. डीन कार्लन आणि जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी एका संस्थेच्या सुमारे 50,000 जुन्या देणगीदारांना पत्रं पाठवून केलेला प्रयोग 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. जोडदेणगीचा, म्हणजे तुमच्या देणगीत दुसरा दाता भर घालेल याचा, नुसता उल्लेख केल्याने देणाऱ्यांचं प्रमाण 22 टक्क्यांनी वाढलं. मात्र एकास एकऐवजी एकास तीन देऊ केल्याने आणखी काही फरक पडला नाही. म्हणजे दुप्पट-तिप्पटीचा हिशेब कुणी करत बसत नाही, सोबत कुणीतरी आहे एवढं पुरतं.

फ्रँकलिनची अट खरी होती. दोन हजार जमले नसते, तर सभेने छदामही दिला नसता. आजच्या पत्रांतला मोठा दाता कधी कधी आकडा गाठला नाही तरी पैसे देणारच असतो. मग ती अट म्हणजे निव्वळ सजावट. म्हणून पालकांनो, असं पत्र आलं तर उलट टपाली एवढंच विचारा: आकडा गाठला नाही, तर ती रक्कम खरंच मिळणार नाही का? 'मिळणार नाही' असं सरळ उत्तर आलं, तर ऐपतीप्रमाणे दहा डॉलर का होईना, जरूर द्या. उत्तर गुळमुळीत आलं, तरी द्यायचं असेल तर द्या. पण मग मध्यरात्रीपर्यंत जागायचं कारण नाही.